आंबिलीची साक्ष

“शेत विकलंय, पांडव विकले न्हाईत. मी गेल्यावर येळवस तुझ्याकडं. आंबील सोताच्या हातानं कालवायची आणि चारी बांधांना पुरंल एवढी न्यायची. हात आखडायचा न्हाई.”

महानंदाच्या आईनं हे सांगितलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती, बोलताना तिला धाप लागत होती. तिला जाऊन कैक वर्षं लोटली. पण मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली की तो धापेतला आवाज महानंदाच्या कानाशी येऊन बसायचा. मग ती ज्वारीचं पीठ चाळायला घ्यायची, ताक आंबवायला ठेवायची. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात न घेणारी ही बाई. येळवसच्या दिवशी तर शेतावरची पूजा होईपर्यंत तिचा उपास असायचा.

सोलापूरकडं येळवस म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडायचे, काळ्या आईची ओटी भरायची. मग आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन लिंबाच्या डहाळीनं चारी बांधांवर, उभ्या पिकावर आंबील शिंपडत फिरायचं. नंतर भज्जी, उंडे, खिचडा, आणि येईल त्या वाटसरूला आग्रह.

महानंदाची येळवस मात्र जगावेगळी होती. ती दुसऱ्याच्या शेतात साजरी व्हायची.

तिचे आजोबा शिवलिंगप्पा म्हमाणे गाव सोडून सोलापूरच्या गिरणीत कामाला गेले, तेव्हा मुळेहाळचं हे काळं रान त्यांनी धोंडिबा लवट्याला विकलं. राजीखुशीनं, रीतसर खरेदीखत करून. सह्या-अंगठे झाल्यावर आजी पदर सावरून पुढं आली आणि तिनं धोंडिबाला एकच गोष्ट मागितली. रान तुमचं, पण येळवसची पूजा माझ्या हातची राहू द्या. धोंडिबा म्हणाला, “बाई, रान माझं, सण तुमचा. तुमच्या घरातली बाई येतीय तोवर माझ्या घरातली बाई पांडवांना हात लावायची न्हाई.” हे कुणी लिहून घेतलं नाही. असल्या गोष्टी लिहायच्या असतात, हे दोघांच्याही मनाला शिवलं नसेल.

शब्द मात्र दोन्ही घरांनी पाळला. आजीनंतर आई, आईनंतर महानंदा. आणि त्या बाजूला धोंडिबाचा नातू भीमराव, ज्याला सगळे भीमतात्या म्हणत, आणि त्याची बायको सिंधू. महानंदा मडकं घेऊन बांधावर आली की भीमतात्या पटका काढून कमरेत वाकायचा.

“या मालकीणबाई. यंदा खंड जरा उशिरानं पोचता करतो, कुळावर राग धरू नका.”

“राग न्हाई धरत, पण पुढच्या साली रान काढून घेईन,” महानंदा म्हणायची. सिंधू कपाळाला हात लावायची, की ह्या दोघांची थट्टा काही जुनी होत नाही. रेवण, महानंदाचा मुलगा, लहान होता तोवर हसायचा. मोठा झाल्यावर त्यानं येणं बंद केलं.

भूसाक्षी यंत्र मुळेहाळात आलं ते उन्हाळ्यात, रान भेगाळलेलं असताना. महानंदा तेव्हा शेजारच्या गावाहून सिंधूकडं कुरडया-पापडाला आली होती. दोघी गच्चीवर पापडांच्या चळती उलट्या-सुलट्या करत होत्या. खाली बांधावरून कोळ्यासारखं आठ पायांचं एक यंत्र सावकाश चाललं होतं. थांबायचं, पोकळ सळई खोल खुपसायचं, मातीची कांडी काढून पोटात ठेवायचं, पुढं निघायचं. त्याच्याबरोबर आलेली मृदाशास्त्रज्ञ, टेंभेबाई, ऊन लागून सावलीला वर आली. सिंधूनं तिला ताक दिलं. मग बोलणं निघालं की हे यंत्र करतं तरी काय.

पोरगी हुशार होती आणि सांगायची तिला हौस होती. माणूस जिथं राबतो, तिथं तो स्वतःला थोडं थोडं सांडत असतो, ती म्हणाली. घाम, कातडीचे कण, केस, थुंकी. त्या प्रत्येकात त्याच्या वंशाची खूण असते, डीएनए. उघड्यावर ती लवकर नासते. पण चिकणमातीचा कण म्हणजे अशी, तिनं पापडांच्या चळतीवर बोट ठेवलं, अशी पातळ पापुद्र्यांची चळत. त्या पापुद्र्यांत खूण एकदा अडकली की शंभर-दोनशे वर्षं निघत नाही. आतापर्यंत ती वाचता येत नव्हती. आता येते.

सिंधूनं विचारलं की कुठलं साल हे कसं कळतं, कारण काळं रान तर उन्हाळ्यात भेगाळतं आणि वरची माती खाली जाते, हे रान आपलं आपणच नांगरून घेतं. टेंभेबाई खूश झाली. तोच तर मोठा घोळ होता. पण मातीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि त्यांच्यात एक प्रकारचं घड्याळ असतं. अंधारात गाडला गेलेला कण भोवतालच्या मातीतला सूक्ष्म किरणोत्सार साठवत राहतो. ऊन लागलं की साठा रिकामा. म्हणून प्रयोगशाळेत त्या कणावर प्रकाश पाडला की तो किती साठवून बसला होता ते कळतं, आणि त्यावरून शेवटचं ऊन त्यानं कधी पाहिलं तेही. आता थरांवर विसंबायचं कारण नाही. चिमूट चिमूट माती वेगळी वाचायची. कोण आणि कधी, दोन्ही कळतं.

हे सगळं कशासाठी, तर कायद्यासाठी. पूर्वी किती तरी जमिनी कागदावर विकल्या गेल्या. सावकारानं अंगठा घ्यायचा, खरेदीखतात ‘ताबा दिला’ असं लिहायचं, आणि विकणारा बिचारा त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या वेठीनं राबत राहायचा. नाव सावकाराचं, घाम विकणाऱ्याचा. कागद खोटं बोलत होता, पण माती बोलू शकत नव्हती. आता मृद्साक्ष कायदा झाला होता. विक्रीनंतर विकणाऱ्याच्या घराण्याची खूण मातीतून नाहीशी झाली, तर विक्री खरी. ती तशीच सलग चालू राहिली, तर विक्री दिखाऊ, आणि जमीन मूळ घराण्याला परत.

“चांगला कायदा हाय,” भीमतात्या म्हणाला. तो मघाच वर येऊन ऐकत बसला होता. “माज्या चुलत्याच्या सासुरवाडीचं रान असंच गेलं. तपासा बाई, खुशाल तपासा. आमची खरेदी सोन्यावाणी हाय.”

महानंदाच्या तेव्हा काहीच ध्यानात आलं नाही. पुढं तिला वाटायचं, त्या क्षणी काळजात निदान कळ तरी यायला हवी होती. पण तिच्या हाताला पापडाचं पीठ लागलं होतं, वारा सुटला होता आणि ती पापडांवर पातळ धडपा पसरत होती.

यंत्राचा अहवाल आला तेव्हा रेवण पेढे घेऊनच घरात शिरला. पवनचक्क्यांच्या देखभालीचं त्याचं काम. आठवडा आठवडा उंच मनोऱ्यांवर काढून आलेला हा मुलगा त्या दिवशी आईच्या पाया पडला. मुळेहाळच्या रानात चारी कोपऱ्यांत म्हमाण्यांची खूण सापडली होती. बायांची, तीन पिढ्यांची, विक्रीच्या सालापासून यंदापर्यंत, खंड न पडता. इतकी ठळक, की वर्षानुवर्षं रोज राबल्याशिवाय अशी खूण उमटत नाही, असं अहवाल म्हणत होता. निष्कर्ष, विक्री दिखाऊ.

महानंदानं पेढ्याला हात लावला नाही. तिला कळायला वेळ लागला नाही. आंबील. आदल्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून कालवलेली, रात्रभर आंबवलेली, अनवाणी चालत चारी बांधांवर शिंपडलेली. आजीनं, आईनं, तिनं. हात न आखडता.

तिनं रेवणला सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, मग पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला.

“तुला आजीनं सांगितलं म्हणून तू मानतेस. आजीला तिच्या आईनं सांगितलं. विकताना पणजोबांच्या मनात काय होतं, हे तुम्हा तिघींपैकी कुणी विचारलं होतं का?”

महानंदा म्हणाली की धोंडिबा सावकार नव्हता, मेंढरं राखून चार पैसे जोडलेला माणूस होता.

“असेल. पण दर वर्षी तू त्यांच्या बांधावर मडकं घेऊन उभी राहायचीस आणि ते तुला मालकीणबाई म्हणून हसायचे. मला लाज वाटायची, आई. आपल्याच रानात पाहुणे.” त्यानं पुड्याची दोरी पुन्हा बांधली. “आता ते हसणार नाहीत.”

पोरानं इतकी वर्षं पोटात काय धरून ठेवलं होतं, हे तिला आज कळत होतं. त्याच्या बोलण्यात लोभ असता तर ती त्याला रागावू शकली असती.

मृद्साक्ष न्यायाधिकरणाची बैठक सोलापुरात होती. महानंदाला वाटलं होतं, खरं काय ते सांगितलं की झालं. जिला रान मिळतंय, तीच म्हणते की आम्ही विकलं होतं, मग भांडण उरलंच कुठं? लवट्यांचा वकीलही आशेवर होता. भीमतात्यानं त्या दिवशी ठेवणीतला पटका बांधला होता. तो आणि सिंधू बाकावर एका टोकाला, रेवण दुसऱ्या टोकाला, आणि मधे महानंदा कुणाकडं न पाहता बसलेली.

न्यायाधिकरणाचे सदस्य पारखे म्हणून मवाळ बोलणारे गृहस्थ होते. महानंदाला त्यांनी उभं न ठेवता खुर्ची दिली. तिनं आजीपासूनचं सगळं सांगितलं, पांडवांचं, धोंडिबाच्या शब्दाचं, आंबिलीचं. त्यांनी एकदाही तिला तोडलं नाही. मग टेंभेबाईला विचारलं, हे शक्य आहे का?

शक्य आहे, टेंभेबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. आंबवलेलं पीठ चिकट असतं. त्यातून मातीत गेलेली खूण घामातल्या खुणेपेक्षा कितीतरी घट्ट बसत असणार. एका दिवसाच्या शिंपणाची खूण महिनोन्‌महिने राबल्यासारखी दिसू शकते. पण तसा प्रयोग आजवर कुणी केलेला नाही. करायचा तर आधी आंबील शिंपून मग वर्षानुवर्षं वाट पाहावी लागेल.

“म्हणजे हात कुणाचा होता ते यंत्राला कळतं,” पारखे म्हणाले, “तो कशासाठी आला होता, ते नाही.”

“नाही, साहेब. ते मातीला कळत नाही.”

पारख्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते महानंदाशी बोलू लागले, घरातल्या वडीलधाऱ्यानं बोलावं तसे. जमिनीची विक्री पूर्वी पंचांपुढं, गोतापुढं व्हायची, त्यांनी सांगितलं. शिवेचा तंटा पडला तर माणूस डोक्यावर ढेकूळ घेऊन शीव चालायचा, आणि तो खोटं चालला तर देव त्याला बघून घेईल अशी सगळ्यांची खात्री असायची. मग लोक खोटंही चालू लागले, म्हणून कागद आला. कागदात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, जमिनीत पुरलेलं धन, सगळं नाव घेऊन विकायची रीत पडली, कारण नाव न घेतलेल्या गोष्टीवर पुढं कुणी तरी हक्क सांगायचंच. कागद बनावट होऊ लागले, म्हणून मुद्रांक आणि नोंदणी. नोंदणीला भलतीच माणसं उभी राहू लागली, म्हणून अंगठे, फोटो, डोळ्यांच्या बाहुल्या. प्रत्येक वेळी एका लबाडासाठी नवा पुरावा आला आणि प्रत्येक वेळी माणसाच्या शब्दाची किंमत थोडी उतरली. मृद्साक्ष कायदा करताना ती अगदीच संपली. मातीच्या विरुद्ध तोंडी साक्ष घ्यायची नाही, असं कलमच आहे.

“आणि ते कलम का घातलं, माहीत आहे? तुमच्यासारख्या बायांसाठीच. पहिल्या वर्षी वेठीतून सुटलेली माणसं आमच्यापुढं येऊन हेच सांगायची. आम्ही खुशीनं विकलं, मालक देवमाणूस आहे, कुणी जबरदस्ती केली नाही. थरथरत सांगायची. तेव्हा तुम्ही घाबरू नका. असं कुणी सांगायला लावलंय तुम्हाला?”

“कुणी न्हाई, साहेब,” महानंदा म्हणाली. “मी खरं सांगतीय. इष्टलिंग हातात धरून सांगतीय.”

पारख्यांनी मान हलवली. त्यात दया होती, आणि त्या दयेपुढं काही चालण्यासारखं नव्हतं. तिकडं भीमतात्यानं पटका काढून मांडीवर ठेवला.

निकालात लिहिलं गेलं, की लवटे घराण्यानं दिखाऊ खरेदीखताच्या आधारे म्हमाणे घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या वेठीस धरलं. वारस महानंदाबाई दबावाखाली असल्याचं दिसून आल्यानं त्यांच्या वतीनं सर्व निर्णय त्यांचा मुलगा घेईल.

त्यानंतरची दोन वर्षं त्या सगळ्या मुलखाला कठीणच गेली. मुळेहाळचा निकाल गाजला. जमीन विकत घेणारा आता आधी अट घालू लागला, की विकणाऱ्यानं गाव सोडायचं, पुन्हा शिवारात पाय ठेवायचा नाही, मयतीलासुद्धा नाही. पेरणी-काढणीला गावातली माणसं बोलवायला लोक भिऊ लागले. कामावर बाया येत, तर मालक त्यांना हातमोजे आणि पायांना प्लास्टिकच्या पिशव्या देई. शेजाऱ्याचं पोर बांध ओलांडून बोरं वेचायला आलं तर त्याला हुसकून लावत, त्याच्या आईसमोर. कुणी शत्रूच्या रानात रातोरात आपल्या अंगणातली माती टाकून येई. कुणी भिऊन स्वतःच्या रानाची वरची काळी माती खरवडून ट्रकांनी ओढ्यात लोटली, आणि मग मुरमावर डोकं धरून बसला. आणि येळवसला, ज्या दिवशी परक्याला हात धरून जेवायला बसवायचं, त्या दिवशी रानोरानी तारा ओढलेल्या. लोक आपापल्या कोपीत आपापलं जेवले आणि खरकटंसुद्धा उचलून घरी घेऊन गेले.

टेंभेबाईनं नोकरी सोडल्याचं कुणाकडून तरी कळलं. आंबिलीचा प्रयोग तिनं एका कुंड्यांच्या रांगेत सुरू केला होता म्हणे. त्याचं उत्तर यायला तिचं अर्धं आयुष्य जाणार होतं.

रेवणनं रान सौरऊर्जेच्या कंपनीला भाड्यानं दिलं. त्याला शेती येत नव्हती आणि त्या गावात कुणी त्याला शिकवणारही नव्हतं. विहीर बुजली, बांध सपाट झाले, काळ्या मातीवर निळ्या काचांची छपरं उभी राहिली. पांडवांचे दगड कुठं गेले, हे महानंदानं त्याला विचारलं. तो म्हणाला, यंत्रानं सपाटी केली तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. खोटं बोलत नव्हता. त्याच्या खरंच लक्षात आलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

एकदा ती लवट्यांकडं गेली. गावाबाहेर पत्र्याच्या दोन खोल्यांत ते राहायला गेले होते. ती दारात दिसताच भीमतात्या खाटेवरून उठला, खाट झटकून मोकळी केली आणि भिंतीला लागून उभा राहिला.

“बसा, बाई,” तो म्हणाला.

एवढंच. थट्टा नाही, टोमणा नाही. ती बसली नाही. दारातूनच ती परत फिरली. पुढच्या उन्हाळ्यात भीमतात्या गेला. महानंदा मयतीला गेली नाही. वकिलानं लवट्यांना सांगून ठेवलं होतं, की तिच्याशी संबंध दिसला तर अपिलात तो दबावच धरला जाईल.

दिवस झाल्यावर सिंधू स्वतःच तिच्या घरी आली. रेवण कामावर होता. सिंधूनं कपाळ उघडं ठेवलं होतं आणि ती एकदम लहानखुरी दिसत होती. चहा नको म्हणाली, पाणी तेवढं घेतलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, गुडघ्यांच्या, पावसाच्या. मग तिनं सांगितलं की अपिलाची तारीख लागली आहे, पुण्याला. वकील म्हणतो, जमीन काही परत यायची नाही, खर्च वाया घालवू नका.

“म्या म्हनलं, जमिनीसाठी न्हाई जायचं,” सिंधू म्हणाली. “माझा नातू साळंत जातो, आक्का. परवा घरी येऊन इचारतो, आजी, वेठ म्हंजी काय? त्याला पोरं वेठवाल्यांचा म्हनत्यात. त्याच्या पुस्तकात आलंय आमचं. नाव न्हाई, गावाचं नाव हाय.”

महानंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलं नाही.

“तात्या जाताना काय बोललं न्हाईत,” सिंधू पुढं म्हणाली. “पर मला एक वाटतंय. ऐकतील न ऐकतील. लिवतील न लिवतील. पर त्या पोराला मी संगं नेनार हाय. त्याच्या देखत एकानं तरी उभं ऱ्हाऊन म्हनावं, ह्यांनी इकत घेतलं हुतं. ते तुझ्याबिगर कोन म्हननार?”

“त्यांनी मागच्या वेळी काय लिहिलं, ठाऊक हाय न्हवं? मी जितकं बोलंन तितकं तुमच्यावरच येतं.”

“आता यायला उरलंय काय? येशील का?”

“येईन,” महानंदा म्हणाली.

रेवणला तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तो चिडला नाही. त्याला उलट भीती वाटत होती. आई, तू पुन्हा तसं बोललीस तर ते तुला भ्रमिष्ट ठरवतील, तो म्हणाला. मग डॉक्टर येतील, तपासण्या होतील, तुझं बँकेतलं, घरातलं, सगळं माझ्या सहीवर येईल. मला तुझा पालक करतील. मला नाही व्हायचं तुझा पालक. आणि हे करून त्यांना एक ढेकूळ तरी मिळणार आहे का?

नाही मिळणार, ती म्हणाली.

मग कशाला?

शब्द दिलाय, एवढंच तिला सांगता आलं. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे अगदी त्याच्या आजीसारखे, हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. मग तो उठून आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. पुढचे काही दिवस ताटावर बसल्यावर दोघांमध्ये मीठ दे, भाकरी घे, इतकंच बोलणं राहिलं.

तारखेच्या दिवशी महानंदा पहाटेच उठली. न्हाली, इष्टलिंगाची पूजा केली, कपाळाला विभूती लावली. देवाकडं काही मागावं असं तिच्या मनात आलं, पण काय मागावं ते सुचेना. न्याय मागावा, तर तो न मिळण्याची सगळी कारणं तिला आता पाठ झाली होती. ती नुसतीच हात जोडून बसली. रेवणसाठी भाकरी थापल्या, वांग्याची भाजी झाकून ठेवली. त्याच्या दाराशी थांबली. आत दिवा जळत होता. तो जागा होता. तिनं दार वाजवलं नाही, आणि त्यानंही उघडलं नाही.

बाहेर उजाडू लागलं होतं. रस्त्याच्या पलीकडचं रान तारेनं बंद केलेलं, आणि तारेवर पाटी, की अनवाणी येऊ नये, थुंकू नये. महानंदानं पदर डोक्यावरून घेतला. पुण्याची गाडी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नव्हती. तिथं गेल्यावर काय म्हणायचं, ते तिनं मनात जुळवून पाहिलं. फार काही नव्हतंच. आम्ही विकलं, ह्यांनी घेतलं. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.